हिरड्याच्या माडीचा पाया

आमच्या काळी पुण्याकडून भोरला येणाऱ्या माणसाला आधी हिरड्याची माडी दिसायची आणि मग भोर दिसायचं. बाजारपेठेच्या तोंडाशी, खाली काळ्या दगडाची, वर विटांची अशी तीन मजल्यांची ती इमारत. राजवाडा सोडला तर तिच्या तोलाचं गावात काही नव्हतं. राजवाड्यात कुणीही उठून शिरू शकत नसे, माडीत मात्र कुणीही शिरे, कारण ती सगळी कचेऱ्यांसाठीच बांधलेली. वकील, अर्ज लिहून देणारे, भाताचे अडते, विम्याचा एजंट, असे नाना तऱ्हेचे लोक तिथं भाड्यानं बसत. डोंगरातली माणसं बाजाराला आली की रस्त्यात उभी राहून वर बघत आणि मुंडासं मागं पडू नये म्हणून एका हातानं धरून ठेवत.

मला ती माडी कधी आवडली नाही. उमेदीची सगळी वर्षं मी तिच्या दुसऱ्या मजल्यावर एका वकिलाचा कारकून म्हणून काढली, तरी खाली ईशान्येच्या कोपऱ्यातल्या फरशीवर मी कधी पाय ठेवला नाही. पावसात सगळे त्या कोपऱ्यातून आत घुसत. मी भिजत पुढच्या दारानं जाई. त्या कोपऱ्याखाली, इमारतीच्या पायात, माझा थोरला भाऊ गाडलेला आहे अशी आमच्या घरात समजूत होती. समजूत म्हणतो ते आता. तेव्हा ती आमची खात्री होती.

मी स्वभावानं संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. दूधवाला हसला तरी मी दुधात बोट घालून बघतो. वकिलाकडे राहून तो गुण वाढला, पण मूळचा तो आमच्या रक्तातच असावा. आमचं गाव हिर्डोशीच्या अंगाला, वरंध घाटाच्या वाटेवर. घर अगदी वाटेला लागून. घाट चढून आलेला आणि घाट उतरायला निघालेला प्रत्येक माणूस आमच्या दारावरून जायचा, आणि तो कोण, कुठला, एवढ्या घाईत का, याचा विचार करण्यात आमच्या घराच्या पिढ्या गेल्या.

माडी बांधली एका हिरड्याच्या व्यापाऱ्यानं. आमच्या डोंगरात हिरडा अमाप. बायका-माणसं तो वेचत, वाळवत आणि पोत्यांनी भोरला आणून त्याच्या वखारीत घालत. आम्हाला हिरडा ठाऊक तो पोटासाठी. त्यामुळे हा माणूस गाड्याच्या गाड्या भरून हिरडा मुंबईला पाठवतो म्हटल्यावर तिकडे एवढी कुणाची पोटं बिघडली आहेत, असं आमचे लोक एकमेकांना विचारत. तो चामडं कमवायला लागतो, बोटीनं विलायतेला जातो, हे पुढं कळलं. कळल्यावरही विश्वास बसला नाही. झाडाखाली पडलेल्या फळावर एवढा मोठा इमला उभा राहतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असंच सगळे म्हणत.

पाया खणायला काढला तेव्हा खरोखरच पाणी मुरत होतं. नदी जवळ. ईशान्येचा कोपरा खणला की रात्रीत पाण्यानं भरे, उपसला की पुन्हा भरे, आणि कडेची माती ढासळे. भाटघरचं धरण तेव्हा बांधून होत आलं होतं. धरणाला माणूस लागतो, भिंत उभी राहत नाही म्हणून पोरं पळवून नेतात, अशी हाकाटी आमच्या सगळ्या खोऱ्यात होती. आया पोरांना धरणाकडे फिरकू देत नसत. त्या हवेत भोरच्या भर बाजारात एक पाया काही केल्या उभा राहीना. लोकांनी काय बोलायचं ते बोलायला सुरुवात केली.

माझा भाऊ त्या पायावर होता. भात झोडून झालं की तो भोरला येई आणि दगडाच्या कामाला लागे. अंगानं थोराड, बोलणं कमी, हसणं जास्त. डोक्याला किरमिजी मुंडासं. मी तेव्हा नुकताच वकिलाकडे लागलो होतो. वकिलाची कचेरी अजून दुसऱ्या आळीत होती. कामावरच्या छपरीत तो इतर गड्यांबरोबर राही आणि सवडीनं माझ्याकडे येऊन चहा पिऊन जाई. वहिनी गावी. मूलबाळ नव्हतं. तिच्याविषयी तो कधी वाईट बोलला नाही. चांगलंही बोलला नाही, पण आमच्यात तशी रीतच नव्हती.

मग एके दिवशी गवंड्यानं त्या कोपऱ्याचा विधी केला. आमच्याकडच्या जुन्या गवंड्यांची एक रीत होती. अडलेल्या पायात जे घालायचं ते चारचौघांदेखत घालायचं नाही. परक्याची सावलीसुद्धा खड्ड्यात पडता कामा नये. म्हणून कोपऱ्याला चहूबाजूंनी कापड बांधलं, गड्यांना सुट्टी दिली, आणि आत फक्त गवंडी आणि मालक. दुसऱ्या दिवशी गडी कामावर आले तेव्हा खड्डा दगड-चुन्यानं भरलेला. पाणी थांबलेलं. आणि माझा भाऊ नाही.

मी समजलो तो गावी गेला. वहिनी समजली तो कामावर आहे. असे दिवस गेले आणि मग आमच्याच गावचा एक गडी त्याची घोंगडी आणि भाकरीचं फडकं घेऊन आमच्या घरी गेला. घोंगडी टाकून माणूस गेला कुठं, म्हणून विचारायला. तो पोचला तेव्हा वहिनी शेजारणीशी भांडत होती, कारण आमचं कुत्रं त्याच सुमाराला नाहीसं झालं होतं. चांगलं जाणतं, दारावरचं कुत्रं. शेजारीण म्हणत होती वाघानं नेलं, वहिनी म्हणत होती तूच काहीतरी घातलंस. घोंगडी बघितली आणि ते भांडण तिथंच संपलं. कुत्र्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

ती घोंगडी खांद्यावर टाकून वहिनी चालत भोरला आली. आल्या आल्या म्हणाली, "भावजी, मला त्या गवंड्यापाशी न्या."

गवंडी भिंतीचा ओळंबा धरून उभा होता. वयानं उतरलेला, पण ताठ. वहिनीनं विचारलं, "माझा मालक कुठं हाय?"

त्याचा हात थांबला. तो कोपऱ्याकडे बघेना. "बाई, पायातलं इचारू नगा," तो म्हणाला. "आन त्येचं नाव तर हितं घिऊच नगा. म्या हात जोडतो."

मला सांगा, यावर कुणी काय समजावं? मी व्यापाऱ्याकडे गेलो. तो गादीवर बसला होता. माझा प्रश्न ऐकून तो उठून उभा राहिला. "त्या कोपऱ्यातलं मला काही विचारू नका. गवंड्यानं शपथ घातली आहे." त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. मी तो घाम नीट बघून ठेवला आणि फौजदाराला जाऊन सांगितला. संस्थानचा फौजदार येऊन गेला, त्यानं गड्यांना दरडावलं, मालकाकडे चहा घेतला, आणि माणूस कुठंतरी कामधंद्याला गेला असेल असं म्हणाला. पाया उकरून बघा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी राजवाडाच उकरायला सांगतोय.

वहिनी परत गेली नाही. माझ्या दोन खोल्यांत ती राहिली. माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोबरोबरही ती नीट राहिली. माडी पुरी झाली, कचेऱ्या भरल्या, आणि एक दिवस वहिनी मला म्हणाली की मला तिथं पाणी भरायचं काम बघा. मी हबकलो. तिचं म्हणणं सरळ होतं. "आत ऱ्हायलं तर कायतरी कानावर यील. भाईर बसून काय व्हनार?"

तेव्हापासून हिरड्याच्या माडीतले सगळे माठ वहिनी भरू लागली. सकाळी नदीवरून कळश्या आणायच्या, मजल्यामजल्यावर माठ धुवायचे, भरायचे. डोळ्यांत तेल घालून ती त्या इमारतीत वावरली. कोण कुणाशी कुजबुजतंय, व्यापारी कोपऱ्याच्या खोलीत जातो का, गवंडी दुरुस्तीला आला तर कुठं उभा राहतो, सगळं संध्याकाळी मला सांगे. अमावास्येला ती त्या कोपऱ्यावर भाकरी-कांद्याचा नैवेद्य ठेवी. बाजारातली कुत्री तो खात. आणि रोज सकाळी ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावी. बाजारातल्या बायका ते कुंकू बघून एकमेकींना कोपर मारत.

तिचं म्हणणं एकच. मेला असेल तर मला दाखवा. हाडं दाखवा. मी पुसते. न दाखवता मी पुसणार नाही.

त्यामुळे ती ना इकडची ना तिकडची झाली. आमच्या आळीत हळदीकुंकू असलं की हिला बोलवायचं की नाही यावर खल होई. बोलवलं तर सगळ्यात शेवटी, बोटाच्या टोकानं, लांबून कुंकू लावत. एकदा एका नव्या नवरीची ओटी भरायला ही पुढं झाली तर मुलीच्या आईनं मुलीला अलगद मागं ओढलं. वहिनी घरी आली आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. त्या दिवशी मला व्यापाऱ्याचा गळा धरावासा वाटला होता, आणि अजूनही तो प्रसंग आठवला की माझं अंग तापतं.

व्यापाऱ्याचंही काही बरं चाललं नव्हतं. तो वहिनीनं भरलेलं पाणी कधी प्यायला नाही. घरून झाकणाचा तांब्या आणी आणि तो कपाटात कुलपात ठेवी. तिला कामावरून काढायचं म्हटलं तर बाजार म्हणणार, बघा, पोटात भीती आहे. ठेवायचं म्हटलं तर ती रोज त्या कुंकवासकट समोर. कोपऱ्याच्या खोल्या भाड्यानं जाईनात. विम्याच्या एजंटानं न ऐकून त्यातली एक घेतली, पण लोक त्याला विचारू लागले की तुमच्या खालच्या माणसाचा विमा उतरला होता का. तो महिन्याभरात पळाला. हिरड्याची माणसंसुद्धा आपला माल दुसरीकडे घालायला लागली. शेवटी व्यापाऱ्यानं माडी विकायला काढली आणि बिऱ्हाड उचलून तो मुंबईला गेला. जाताना त्यानं कोपऱ्याला नारळ फोडला. आम्ही म्हटलं, हा पुरावा.

माडी घेतली माझ्याच वकिलानं. माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या इमारतीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं ती यानं इतक्या सहज का घेतली? व्यापाऱ्यानं याला काही सांगून तोंड बंद केलं असेल काय? मी वकिलाला आडून आडून विचारलं. तो मोठ्यानं हसला, म्हणाला, "अहो, तुमच्या भावामुळं मला स्वस्त पडली." चांगला माणूस होता, पण ते हसणं मी त्याला माफ केलं नाही. आणि भुताखेतांवर विश्वास नसलेल्या या गृहस्थानं आपलं टेबल मात्र कोपऱ्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत मांडलं, हेही मी ध्यानात ठेवलं.

मी म्हटलं, आता मालक आपला, पाया उकरायला त्याला राजी करू. वकील म्हणाला, कोपरा उकरला तर तिन्ही मजले खाली येतील, मग शोधा भाऊ. मी गप्प बसलो. त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, "तुमी आता त्येंचं मीठ खाता, भावजी. तुमी कशाला बोलाल?" सगळ्यांवर संशय घेत आलेला मी, माझ्यावर कुणी संशय घेतला की कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा गावाहून भावकी आली. आमच्यात रीत अशी की परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. नाही आला तर गवताचा पुतळा करायचा, त्याला माणसासारखं दहन द्यायचं, दिवस घालायचे आणि मोकळं व्हायचं. गावात दोन सालं भातावर रोग पडला होता, एकाची म्हैस मेली होती, एकाच्या सुनेचं मूल गेलं होतं. याचं काही केलं नाही म्हणून तो मागं लागलाय, असं भावकीचं ठरलं होतं. चुलते वहिनीला म्हणाले, "पोरी, आता त्येला सोडव. तुजं बी सुटंल."

"आदी हाडं," वहिनी म्हणाली. "हाडं हितं धोंड्याखाली आन तुमी गवात जाळनार व्हय? त्येला काय वाटंल?"

चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वहिनी म्हणते ते बरोबर आहे. भावकी रागावून उठली, आमच्याकडचं पाणीसुद्धा न घेता गेली. नंतर दर वर्षी निरोप येत राहिला आणि दर वर्षी वहिनी तेच उत्तर पाठवत राहिली. तिचे केस पांढरे झाले. कुंकू तेवढंच राहिलं.

वकील थकला आणि त्यानं माडी एका मोटारवाल्याला विकली. हा नसरापूरच्या बाजूचा, भोर-पुणे मोटारी चालवून वर आलेला, धडाक्याचा माणूस. खाली बुकिंगचं ऑफिस काढलं, दाराशी मोटारी उभ्या राहू लागल्या. त्यांच्या घरघरीनं म्हणा किंवा नदीचं पाणी पुन्हा सरकलं म्हणून म्हणा, ईशान्येच्या कोपऱ्याला तडा गेला. दिवसेंदिवस तो तडा भिंतीवरून वर चढायला लागला. वरचे वकील आपापली कपाटं हलवू लागले. मोटारवाल्यानं पुण्याहून जाणता माणूस आणून त्याला तडा दाखवला. तो म्हणाला, वरचा भार टेकूंवर घ्या, पाया उघडा आणि नव्यानं भरा.

वहिनी हे ऐकत माठ पुसत उभी होती. माठ तिनं खाली ठेवला. मोटारवाल्याला म्हणाली, "उगडाल त्या दिशी मला हुबं ऱ्हाऊ द्या." त्याला सगळी हकिकत ठाऊक होती. म्हणाला, "मावशी, तुमच्यासमोरच उघडतो. मला पण असल्या भानगडीवर मोटारी उभ्या करायच्या नाहीत."

त्या दिवशी बाजार भरला असावा अशी गर्दी झाली. भावकी आली होती. चुलत्यांनी बरोबर नवं पांढरं कापड आणलं होतं, हाडं बांधून घ्यायला. वहिनी नवं लुगडं नेसून खड्ड्याच्या कडेला बसली. मी तिच्या मागं. खरं सांगायचं तर मला एक प्रकारचा विजय वाटत होता. इतक्या वर्षांचा आमचा संशय आज सगळ्या गावादेखत खरा होणार होता.

गड्यांनी फरशी उचलली, दगड काढले. चुन्याचा थर फोडला. खाली एक मोठं मडकं निघालं, तोंडावर दगडी झाकण, चुन्यानं लिंपून बंद केलेलं. त्याच्या खाली आणि बाजूला नुसता खडक आणि ओली वाळू. गडी आणखी खणत राहिले. हाड नाही, दात नाही, काही नाही.

मडकं वर घेतलं. झाकण काढलं. आत काळपट भुकटी, वाळलेल्या बिया, आणि एका कापडाची घडी. वरचे पदर हात लावताच झडले. आतला तुकडा तेवढा टिकला होता. किरमिजी. त्याच्या काठाला निळ्या दोऱ्यानं घातलेली शिवण होती. करवंदीच्या काट्यानं फाटलेलं ते मुंडासं वहिनीनंच शिवलं होतं आणि घरात निळाच दोरा होता, हे मलाही आठवत होतं.

"त्येचंच," वहिनी म्हणाली.

गर्दीत एकदम गलका झाला. कुणीतरी म्हणालं, गवंड्याला आणा. म्हातारा गवंडी अजून होता. नदीपलीकडे मुलाकडे राहत होता. त्याला दोघांनी धरून आणलं. मी त्याच्या अंगावरच धावून जाणार होतो. पण त्यानं उघडा पाया बघितला, मडकं बघितलं, आणि तो खाली बसला. "उगडला न्हवं," तो म्हणाला. "मंग आता बोलायला मोकळा झालो."

त्यानं जे सांगितलं ते असं. अडलेला पाया माणूस मागतो, म्हणून त्याला माणसाच्या जागी कोहळा द्यायचा. पण नुसता कोहळा चालत नाही. त्याला लग्न झालेल्या गड्याचं डोक्यावरचं वापरातलं मुंडासं बांधायचं, म्हणजे पाया त्याला माणूस समजतो. आणि ज्याचं मुंडासं गेलं त्याचं नाव त्या पायाशी घ्यायचं नाही, तो कुठं आहे ते बोलायचं नाही. बोललं तर पाया कोहळा सोडून त्या माणसाला धरतो. गवंड्यानं एकेका गड्याला बाजूला नेऊन, शपथ घालून मुंडासं मागितलं. सगळे गडी घाबरले. कुणी मुंडासं देईना.

"ह्यो येकटा हसत फुडं आला," गवंडी म्हणाला. "म्हनला, घ्या माजं. मी तसाबी उद्या घाट उतरून चाललोय. तितं नवं घीन."

गवंडी वहिनीकडे वळला. "तुमी इचाराया यायच्या तवा माजा जीव तुटायचा, बाई. पर बोललो आसतो तर त्यो मेला आसता. म्या त्येला जिता ठिवला."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. उभ्या जन्मात मी इतक्या लोकांची तोंडं वाचली आहेत, मला कळतं. घोंगडी मागं का राहिली तेही मला तिथंच कळलं. खाली कोकणात उकाडा. घोंगडी कशाला न्यायची? व्यापारी, गवंडी, फौजदार, वकील, शेजारीण, साऱ्यांवर मी संशय घेतला होता. माझ्या संशयातून एकच माणूस सुटला होता आणि तो माझा भाऊ होता.

चुलत्यांनी हातातल्या पांढऱ्या कापडाची घडी पुन्हा काखेत मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. "पोरी, देवच पावला की," ते म्हणाले. "कुटं का आसंना, जिता हाय त्यो. तुजं कुकू शाबूत हाय." आळीतल्या बायका पुढं झाल्या. जिनं मुलीला मागं ओढलं होतं तीच आता हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली.

वहिनीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गवंड्याला म्हणाली, "उद्या म्हनला? कोहळा घातल्याच्या दुसऱ्या दिशी?"

"व्हय. बाजाराचा वार व्हता."

वहिनीनं बोटांवर वार मोजले. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "भावजी, आपलं कुत्रं त्याच दिशी गेलं."

मला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. घाट उतरायचा तर दुसरी वाट नाही. तो आमच्या दारावरूनच गेला होता. कुत्रं भुंकलं नव्हतं, ओळखीच्या माणसावर ते भुंकेल कशाला. वहिनी बाजाराच्या दिवशी दुपारी मागच्या अंगाला नाचणी पाखडत बसायची. दाराशी येऊन तो थांबला असणार. हाक मारायची तर दोन्ही जीव घरात होते. त्यानं कुत्र्याला मारली.

वहिनीनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून जाईना, इतक्या वर्षांचा डाग होता. तिनं घासून घासून पुसलं. बायका ओरडल्या, चुलते "आगं, आगं" म्हणत पुढं आले.

"बारा वर्सं कवाच झाली," ती म्हणाली. "आता करा गवताचा. मुंडासं हाय त्येचं, ते बांदा वर." मग खड्ड्याकडे बघत, हळू आवाजात, बहुतेक फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हितं आसता तर माजा व्हता."

नदीकाठी पुतळा जाळला. दर्भाचा, माणसाएवढा, डोक्याला तो किरमिजी तुकडा. अग्नी मीच दिला. तीन दिवसांनी वहिनी पुन्हा कळशी घेऊन माडीवर गेली. मोटारवाल्यानं कोपरा नव्यानं भरून घेतला होता. नवा गवंडी, नवा चुना, पायात काही न घालता. अमावास्या आली तेव्हा तिनं सवयीनं भाकरी थापली. मी बघत होतो. भाकरी फडक्यात बांधून ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि परत फिरली.

बाजारातली दोन कुत्री त्या दिवशी कोपऱ्यापाशी वाट बघत बसली होती. मी कचेरीतून येताना ती मला दिसली. तसं मी वहिनीला सांगितलं, तर ती उठली, भाकरीचे तुकडे केले आणि मला म्हणाली, "घाला जावा त्यास्नी. त्येंचा काय दोस? हाक मारली की जात्यात."